अंड्यांच्या भारोभार: महूहून आलेला स्पंज केक

आमच्या घरी या केकची कृती दीड ओळीची आहे. आजीच्या हिशेबाच्या वहीत, दुधाच्या खाड्यांच्या पानामागे पेन्सिलीने लिहिलेली: ‘अंडी ४. त्यांच्या भारोभार लोणी, साखर, मैदा. पावडर २ च. मधे जाम.’ किती वेळ फेसायचं, भट्टी किती तापवायची, साचा केवढा घ्यायचा, यातलं काही म्हणजे काही नाही. तिला ही कृती महूला शेजारच्या रेल्वेवाल्या अँग्लो-इंडियन बाईंनी सांगितली. दोघींच्या हाताला जे माहीत होतं ते कागदावर कोण उतरवत बसतं? पुढे आईने त्यात भर घातली, मग मी घातली. खाली लिहिते आहे ते त्या भरीतून आणि इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या माझ्या ओट्यावरून.

महू इंदूरच्या अगदी जवळ. होळकर आणि इंग्रजांमधल्या मंदसौरच्या तहानंतर १८१८ मध्ये जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे छावणी वसवली, पुढे रेल्वे आली, आणि त्यांच्याबरोबर पाव, बिस्किटं, केकही माळव्यात मुक्कामाला आले. आजोबा छावणीच्या हिशेब खात्यात कारकून होते. घरात अंडं चालायचं नाही. मागच्या पडवीत मात्र चालायचं. केकचं पातेलं, चमचा, तराजू, सगळं पडवीत वेगळं. ‘पडवी म्हणजे घर नव्हे’ हा आजीचा कायदा, आणि तो तिने आजोबांच्या आईकडूनही मान्य करून घेतला होता.

केक कुठला ते आधी सांगते, कारण स्पंज म्हटलं की आपल्याकडे लोकांना बेकरीतला क्रीमखालचा पिवळा तुकडा आठवतो. तो हा नव्हे. तो फेसलेल्या अंड्यांवर फुगवलेला असतो, लोणी त्यात नसल्यासारखंच; म्हणून कोरडा होतो आणि त्यावर साखरेचा पाक शिंपडावा लागतो. आपला हा इंग्लंडमधला व्हिक्टोरिया स्पंज: दोन चकत्या, मधे जॅम, वर साखरेची भुरभुर. इझाबेला बीटनच्या १८६१ च्या प्रसिद्ध गृहव्यवस्थेच्या पुस्तकात ‘व्हिक्टोरिया सँडविच’ आहेत, आणि तिथेही हेच: चार अंडी आणि त्यांच्या वजनाइतकी साखर, लोणी, मैदा, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर मात्र तिच्या कृतीत नाही. ती बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टने १८४३ मध्येच तयार केली होती, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. तिला अंडीही चालत नव्हती, म्हणून त्याआधी त्याने बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढली होती. बायकोच्या पोटासाठी एवढी खटपट करणारा नवरा मला तरी दुसरा ठाऊक नाही.

आता कामाचं. चार अंडी सालासकट वजनकाट्यावर ठेवा. जो आकडा येईल तो लिहून ठेवा, कारण आता सगळं त्या आकड्यावर चालणार आहे. इंग्रजी कृतींमध्ये चार अंड्यांना २२५ ग्रॅम लोणी-साखर-मैदा सांगितलेला असतो. तो त्यांच्या अंड्यांचा हिशेब. तिकडचं मोठं अंडं ६३ ग्रॅमच्या पुढे असतं. आपल्याकडच्या ट्रेमधलं एखादं ४८ भरतं, एखादं ५८. चार मिळून कधी १९५, कधी २१५. तिथे २२५ मैदा घातला की केक घट्ट झालाच समजा, आणि मग दोष अंड्यांना नाही तर ओव्हनला लागतो. आजी एका पारड्यात अंडी ठेवायची आणि दुसऱ्यात आळीपाळीने लोणी, साखर, मैदा. ग्रॅमचा प्रश्नच नव्हता. आज काटा डिजिटल आहे, तत्त्व तेच.

मी पुढे २१० ग्रॅम धरते. तुमचा आकडा वेगळा आला तर तो घ्या. २१० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, २१० साखर, २१० मैदा, बेकिंग पावडर दोन सपाट छोटे चमचे, चिमूटभर मीठ, व्हॅनिला एक छोटा चमचा, लागलं तर एक-दोन मोठे चमचे दूध. सात इंची दोन साचे. राजवाड्यामागे बर्तन बाजारात ॲल्युमिनियमचे साधे साचे मिळतात. घेताना दोन्ही एकाच मापाचे आहेत ना, एकात एक ठेवून बघा. आणि घरून ओव्हनच्या आतली रुंदी मोजून न्या. बऱ्याच घरगुती ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, सात इंची दोन साचे शेजारी मावत नाहीत. मावत नसतील तर सरळ तीन अंड्यांचा आणि सहा इंची साच्यांचा बेत करा. एक साचा भाजेपर्यंत दुसऱ्यातलं मिश्रण ओट्यावर ताटकळत ठेवायचं नाही, कारण पावडरीचं काम ती ओली झाली की सुरू होतं.

साखरेबद्दल दोन शब्द. आपली दाणेदार साखर या केकला जाड पडते. नीट विरघळत नाही आणि वर पांढरे ठिपके येतात. म्हणून काही लोक पिठीसाखर घेतात, आणि तीही चूक. लोण्यात हवा भरते ती साखरेच्या कडांमुळे. पिठीला कडा कुठून येणार? साखर मिक्सरमध्ये दोन-तीन झटके देऊन बारीक रव्याइतकी करा आणि थांबा. मिक्सरचं भांडं पूर्ण कोरडं हवं. वर भुरभुरायलाही हीच साखर लागेल, तेव्हा दोन चमचे जास्तच करून ठेवा.

लोणी आणि इंदूरचं हवामान

इथे थोडं थांबू, कारण केक बिघडतो तो इथेच. इंग्रजी कृती म्हणते, लोणी मऊ होईपर्यंत बाहेर ठेवा. ज्यांच्या स्वयंपाकघरात वर्षातले निम्मे महिने गारठा असतो त्यांच्यासाठी ते वाक्य आहे. इंदूरला मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तिथे तासभर बाहेर ठेवलेलं लोणी म्हणजे कडेने तेल आणि मधे गोळा. असं एकदा वितळलेलं लोणी परत फ्रीजमध्ये घालून घट्ट केलंत तरी ते पूर्वीसारखी हवा धरत नाही. डिसेंबरात उलटी गत: सकाळी काढलेलं लोणी दुपारपर्यंत सुरीला दाद देत नाही.

हवं असतं ते १८ ते २० अंशांच्या आसपासचं लोणी. थर्मामीटर नको. बोट दाबा: खड्डा पडला पाहिजे आणि तसाच राहिला पाहिजे, पण बोट उचलल्यावर त्यावर तुपकट चकाकी दिसता कामा नये. चकाकी दिसली तर उशीर झाला. उन्हाळ्यात मी लोणी फ्रीजमधून काढून लगेच बोराएवढे तुकडे करते, आणि दहा मिनिटांतच कामाला लागते. पातेलं परातीत थंड पाण्यात ठेवते, पाण्यात चार बर्फाचे खडे. हिवाळ्यात त्याच पातेल्यात आधी गरम पाणी घालून ओतून टाकते, पुसते, आणि मग लोणी घालते. बाकी, उन्हाळ्यात केक दुपारी करायचाच कशाला? माळव्याच्या रात्रींचं कौतुक सगळा देश करतो, ‘शब-ए-मालवा’ म्हणतो. त्या रात्रींचा उपयोग करा. जेवणं आटोपली, ओटा आवरला, साडेनवाला खिडक्या उघडल्या की स्वयंपाकघर निवतं.

घरचं लोणी चालेल का, असं हमखास विचारतात. चालतं, आजीचं तेच होतं. पण ताकाचा अंश गेला पाहिजे. बर्फाच्या पाण्यात पाणी नितळ निघेपर्यंत धुवा, मग मलमलीत बांधून तासभर फ्रीजमध्ये टांगा आणि वजन त्यानंतर करा. आंबूस वास येत असेल तर ते कढवून तूप करा आणि केकला विकतचं आणा. तूप मात्र घालू नका. तुपाच्या नानखटाया उत्तम होतात. या केकमध्ये ते हवा धरत नाही आणि चकती बसकी होते.

फेसणं

लोणी एकटंच मिनिटभर फेसा, मग साखर घाला. हँड मिक्सर असेल तर मध्यम वेगावर पाच मिनिटं, हाताने असेल तर लाकडी चमच्याने वीस. सुरुवातीला साखर पातेल्याला घासल्याचा खर्र खर्र आवाज येतो आणि मिश्रण पिवळं, ओलसर, जड असतं. मधे एकदा कडा खरवडून आत घ्या. दोनेक मिनिटांनी रंग उतरू लागतो, चमच्यामागे उमटलेल्या रेघा जास्त वेळ टिकतात आणि आवाज मऊ होतो. शेवटी ते जवळजवळ पांढरं आणि आधीपेक्षा उघड जास्त दिसतं. चिमटीत घेऊन बघा: साखरेची कचकच अजून थोडी लागेल, ती लागू दे. पण बोटांवर तेल सुटलं तर लगेच थांबा, पातेलं पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि मग पुढे जा.

हे मन लावून करायचं कारण एकच. केकमधली भोकं ओव्हनमध्ये नव्याने तयार होत नाहीत. ती तुम्ही इथे तयार करता. पावडर आणि वाफ मिळून आहेत तीच फुगवतात. इथे आळस केला तर नंतर पावडर वाढवून भागत नाही, उलट तोंडात सोड्याची चव येते.

अंडी खोलीच्या तापमानाची हवीत. फ्रीजमधली असतील तर वजन केल्यावर कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. एकेक अंडं आधी वाटीत फोडायचं, वास बघायचा, मग बाकीच्यांत मिसळायचं. उन्हाळ्यात तर नक्कीच. चारही काट्याने हलकी फेटून, व्हॅनिला घालून, दोन-दोन चमचे करून लोण्यात घाला. प्रत्येक वेळी नीट मिसळल्यावरच पुढचे. शेवटच्या अंड्याच्या सुमाराला मिश्रण फाटल्यासारखं दिसायला लागतं: दाणे वेगळे, पाणी वेगळं. अंडी थंड असली की लोणी आखडतं आणि पाणी बाहेर टाकतं. एक मोठा चमचा मैदा घालून फेटा, येतं जाग्यावर. थोडं फाटलेलं राहिलं तरी केक होतो. जरा कमी फुलतो, इतकंच.

आता मिक्सर बाजूला. मैदा, पावडर, मीठ एकत्र दोनदा चाळलेलं असलं पाहिजे. हा मैदा तीन वेळा करून घाला. मोठ्या स्टीलच्या चमच्याने पातेल्याच्या कडेने खाली जायचं, तळ घासत मिश्रण वर आणायचं आणि आधीच्यावर उलटायचं. दुसऱ्या हाताने पातेलं फिरवत राहायचं. आपली भज्याच्या पिठाची सवय इथे नडते. गोल गोल घोटलंत की मैद्याला चिवटपणा येतो आणि भरलेली हवा निघून जाते. कोरडा मैदा दिसेनासा झाला की झालं. चमचा भरून उचला आणि पातेल्यावर हलकेच झटका: मिश्रण सावकाश, आपणहून खाली पडलं पाहिजे. चिकटून राहिलं तर चमचाभर दूध. धारेसारखं पडलं तर अंडी मोजण्यात काही तरी चुकलंय, त्याला आता इलाज नाही. भाजा आणि खा.

साच्यांना आतून लोणी लावून तळाला बटर पेपरची गोल चकती आधीच बसवलेली हवी. दोन्ही साच्यांत मिश्रण वजनाने समान घाला, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. वरून सपाट करा.

भट्टी

ओव्हन १८० अंशांवर, दोन्ही रॉड चालू, पंखा बंद, वीस मिनिटं आधी लावा. म्हणजे अंडी घालायला घेताना. बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांचं फारसं जुळत नाही, हा बहुतेक ओटीजींचा अनुभव. आत ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर मिळतो, तो घ्या, पैसे वसूल होतात. साचे मधल्या जाळीवर, भिंतींना न टेकवता. वीस मिनिटं दार उघडायचं नाही. त्याआधी थंड हवा आत गेली तर मधला भाग बसतो, कारण तो अजून शिजलेला नसतो. बाविसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला बघा: कडा साच्यापासून किंचित सुटलेल्या, रंग सोनेरी, मधोमध बोट टेकवलं तर खळी भरून वर येते. सुरी खुपसून बघायची असेल तर बघा, पण बोट जास्त खरं सांगतं.

वर डोंगर येऊन तडकला, तर उष्णता जास्त होती. पुढच्या वेळी दहा अंश कमी. वरचा रंग आधीच गडद होत असेल तर शेवटची दहा मिनिटं फक्त खालचा रॉड ठेवा.

इंदूरच्या घराघरांत बाफल्यांसाठी, म्हणजे आधी उकडून मग भाजलेल्या बाट्यांसाठी, गॅसवरचा बाटी ओव्हन असतो, आणि त्यात केक करायचा मोह सगळ्यांना होतो. त्याची आच खालून आणि तीही थेट. बाफल्याला चालते, कारण तो आपण फिरवतो. केक फिरवता येत नाही, तळ करपतो. ओटीजी नसेल तर जाड बुडाची कढई बरी: तळाला दोन वाट्या मीठ, त्यावर तिवई, घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून मग साचा आत आणि आच बारीक. पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. एका वेळी एकच साचा बसतो, म्हणून दोन अंड्यांचं मिश्रण दोनदा करा. वरचा रंग फिकाच राहतो. तशी चकती खाली घ्या, फिकी बाजू जॅमकडे करून.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटं साच्यातच. मग कडेने सुरी फिरवून स्वच्छ फडक्यावर पालथा, कागद सोडवा आणि लगेच दुसऱ्या हाताने सुलटा करून जाळीवर ठेवा. पालथा जाळीवर राहिला तर तोंडावर रेघा उठतात. इंग्लंडमधल्या विमेन्स इन्स्टिट्यूटच्या स्पर्धांमध्ये अशा रेघांचेही गुण कापतात. १९१५ पासूनची ही खेड्यापाड्यांतल्या बायकांची संस्था, आणि या केकबाबत अतिशय कर्मठ: मधे रासबेरीचा जॅम, वर बारीक साखर, क्रीम अजिबात नाही. मला त्यांचं पटतं. क्रीम भरलं की लोण्याची चव मागे पडते, आणि इंदूरच्या उन्हात क्रीमचा केक पाहुणे येईपर्यंत घसरलेला असतो.

रासबेरी इथे ताजी मिळत नाही. बाजारातला मिक्स फ्रूट जॅम नुसता गोड. या केकला आंबटपणा हवाच. थंडी सरता सरता ठेल्यांवर कागदी पदरातल्या पिवळ्या रसभऱ्या येतात, त्यांचा जॅम करा. पाव किलो सोललेल्या रसभऱ्या धुऊन चमच्याने थोड्या चेचा, दोन चमचे पाणी घालून मऊ शिजवा, मग पावणेदोनशे ग्रॅम साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस. मोठ्या आचेवर, ढवळत. फ्रीजमधल्या थंड बशीवर थेंब टाकून बोट फिरवा. बोटामागची वाट मिटली नाही की उतरवा. रासबेरीची चव ही नव्हे, पण आंबटगोडाचा तोल तोच राहतो, आणि तो रंग कापल्यावर छान दिसतो. बाकीच्या महिन्यांत महाबळेश्वरचा स्ट्रॉबेरी जॅम घ्या, त्यात थोडं लिंबू पिळून.

चकत्या पूर्ण निवल्यावरच जॅम लावा, कडेपर्यंत, चांगला जाड. सपाट चकती वर. वरून बारीक साखर, चाळणीशिवाय, चिमटीने.

बिनअंड्याचा होईल का? केक होईल, हा होणार नाही. दह्या-मिल्कमेडचे केक चांगले लागतात, पण त्यांची कृती वेगळी, चवही वेगळी. या दीड ओळीतून अंडी काढली तर वजन कशाचं करणार?

कापायचा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या. फ्रीजमध्ये ठेवू नका, लोणी आखडून केक दडदडीत होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर दोन दिवस राहतो. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी असते की झाकण तासभर उघडं राहिलं तरी कापलेली बाजू वाळते, म्हणून तिला बटर पेपर चिकटवून ठेवा. तिसऱ्या दिवशी उरलाच तर तुकडे करून वाडग्यात घाला, वर गरम कस्टर्ड ओता आणि तासभर मुरू द्या.